मिसोमध्ये मुरवलेली सुरमई तव्यावर करपते, आतून कच्ची राहते. मासा चुकला की कृती?

तुम्ही लिहिलंय की हॉटेलात खाल्लेला मिसो ब्लॅक कॉड घरी करून पाहिला, तो मासा मिळेना म्हणून सुरमई आणली, रात्रभर मिसो (सोयाबीन आंबवून केलेली जपानी खारट पेस्ट) लावून ठेवली आणि तव्यावर टाकताच बाहेरून काळी, आतून कच्ची.

सुरमईला दोष देऊ नका. मासा मिसोत मुरवून भाजायची ही जपानमधल्या क्योतोची जुनी पद्धत, साइक्योयाकी. तिच्यासाठी जपानी घरांत हमखास घेतला जाणारा मासा म्हणजे सावारा, आणि तो आपल्या सुरमईचा सख्खा भाऊबंद आहे. दोघांच्या जाती वेगळ्या, पण वंश (जीनस) एकच, स्कोम्बेरोमोरस. ब्लॅक कॉडचा बोलबाला झाला तो नोबु मात्सुहिसा या शेफमुळे. त्यांचं न्यूयॉर्कचं नोबु १९९४ मध्ये सुरू झालं आणि तो पदार्थ जगभरच्या मेनूंवर गेला. उत्तर पॅसिफिकच्या थंड पाण्यातल्या त्या माशात चरबी इतकी असते की दोन मिनिटं जास्त भाजला तरी कोरडा पडत नाही. सुरमई एवढं माफ करत नाही.

घोटाळा बहुधा मिसो न पुसण्यात आहे. आपल्याकडे मसाला माशाला चिकटून राहावा म्हणून आपण वरून रवा लावतो, कारण तो मसाला खायचा असतो. इथे मिसोचं काम मुरण्याच्या वेळातच संपतं. त्यातलं मीठ पाणी ओढून घेतं, मांस घट्ट होतं, गोडवा आणि चव आत जाते. वर राहिलेल्या थरात साखर असते, ती मासा शिजायच्या आत करपणारच. तेव्हा भाजण्याआधी तो थर पूर्ण काढायचा. बोटाने निपटून मग कागदाने पुसा. धुवायचं मात्र नाही.

आता सुरुवातीपासून. कोळीणबाईंना गोल तुकड्यांऐवजी मधला काटा काढून, कातडी ठेवून, बोटभर जाडीचे लांबट काप करायला सांगा. त्या जरा कुरकुरतील, पण देतात. चारशे ग्रॅमला लहान चमचाभर मीठ दोन्ही बाजूंना भुरभुरवा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. जे पाणी सुटतं त्यात वासाचा बराच भाग निघून जातो. ते नीट टिपून घ्या. ही पायरी गाळली तर बाकी सगळं करून उपयोग नाही. आपला हात सवयीने हळद आणि आगळाकडे जातो, पण इथे नको. आंबटाने मांस आधीच पांढरं पडतं आणि भाजल्यावर भुसभुशीत लागतं.

मिसो घेताना पाकिटावरच्या 'पांढरा' या शब्दावर जाऊ नका. क्योतोच्या गोड मिसोमध्ये सोयाबीनच्या मानाने तांदळाचं कोजी (खास बुरशी चढवलेला तांदूळ) सुमारे दुप्पट आणि मीठ जेमतेम पाच टक्के असतं. पण फिकट रंगाचे इतर मिसो, उदाहरणार्थ शिन्शू, बारा टक्क्यांच्या आसपास खारट असतात. क्योतोचा मिळाला तर दोनशे ग्रॅमला दोन मोठे चमचे मिरिन (स्वयंपाकाची गोड तांदळाची दारू) आणि एक चमचा साके (तांदळाची जपानी दारू) पुरे, मासा एक ते दोन दिवस मुरतो. खारट मिसो असेल तर दीडशे ग्रॅम घ्या, दोन चमचे साखर आणि थोडं जास्त मिरिन घाला, आणि आठ-दहा तासांतच मासा बाहेर काढा. मिरिन-साके आधी उकळून गार करा, नाहीतर दारूचा उग्रपणा राहतो. साके नसेल तर कोरडी पांढरी वाइन चालते. पुसायचा कंटाळा असेल तर डब्यात मिसोचा थर, त्यावर मलमल, मासा, पुन्हा मलमल आणि मिसो. असा मासा स्वच्छ निघतो.

जपानी गॅसच्या शेगडीत मासा भाजायला खाली वेगळा कप्पाच असतो. आपल्याकडे ओटीजी १८० अंशांवर गरम करून दहा-बारा मिनिटं, शेवटची दोन मिनिटं फक्त वरचा रॉड. तव्यावर करायचं तर तव्याच्या मापाचा बेकिंग पेपर घाला (कडा बाहेर आल्या तर पेट घेतील), कातडी खाली, मंद आच, वर झाकण. कातडी सोनेरी झाली की उलटा. तुमची आच बहुतेक पापलेट तळायची होती.

एक सावधगिरी. सुरमई, बांगडा यांसारखे मासे बाहेर राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही. म्हणून मुरवायला ताजा मासाच घ्यायचा आणि पूर्ण वेळ फ्रिजमध्ये ठेवायचा. बांगड्याचा शिमेसाबा, म्हणजे मीठ-व्हिनेगर लावलेला कच्चा प्रकार, इंटरनेटवर पाहून बाजारच्या बांगड्यावर करू नका. अनिसाकिस नावाची अळी व्हिनेगरने मरत नाही.

मिसोचा खर्च नको असेल तर युआनयाकी करा. सोया सॉस, मिरिन, साके समसमान आणि युझू फळाच्या चकत्या. युझूऐवजी संत्र्याच्या सालीच्या दोन पट्ट्या घातल्या तरी भागतं. यात अर्धा-पाऊण तासच मुरवायचं. मला सुरमईपेक्षा रावस यात जास्त आवडतो.

वापरलेला मिसो कच्चा खाऊ नका. त्याला माशाचं पाणी लागलेलं असतं. वांग्याच्या फोडींबरोबर चांगला शिजवून घ्या, भाताशी छान लागतो.