आजोबा लढाईवर होते, पण घरात कोणी बोलतच नाही

प्रश्न: माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, आफ्रिका आणि इटली एवढंच ऐकलंय. परत आले पण लढाईबद्दल कधी बोलले नाहीत, रात्री ओरडत उठायचे असं आत्या सांगते. बाबांकडे विषय काढला की चिडतात, जुनं उकरू नकोस म्हणतात. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नाव शोधलं, नाहीये. घरात फक्त मेडल्स आहेत. सुरुवात कुठून करू? – एक वाचक

उत्तर: ताई, त्या यादीत नाव नसणारच, ती फक्त युद्धात गेलेल्यांची आहे. त्या युद्धात भारतीय सैन्यात सुमारे २५ लाख लोक होते, त्यातले साधारण ८७ हजार गेले, म्हणजे जिवंत परतलेलेच कितीतरी जास्त, आणि त्यांची अशी यादी नाही.

मेडल्स नीट बघा. सहा टोकांचा तारा असेल तर मधल्या गोलावर इंग्रजीत मोहिमेचं नाव असतं, आफ्रिका स्टार, इटली स्टार असं. सिंहाचं गोल मेडल सरसकट मिळायचं, त्यावरून आघाडी कळत नाही. दोन्ही स्टार निघाले तर आजोबा तिसऱ्या बटालियनचे असू शकतात, ती १९४१ ला आफ्रिकेतल्या इरिट्रियात केरेनला लढली आणि नंतर इटलीत गेली, पण इतरही बटालियन होत्या त्यामुळे लगेच पक्कं धरू नका.

पण खरं सांगू का, मी तुमच्या जागी असते तर आधी आत्याकडे गेले असते. मराठा पलटणीतले यशवंत घाडगे आपल्याला माहितीयेत, १० जुलै १९४४ ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात लढताना गेले, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक मिळालं, २०२३ ला तिकडे मोंतोने गावात स्मारकही झालं. तो क्रॉस घ्यायला त्यांची बायको गेली होती, तिचं पुढे काय झालं हे कितीजण विचारतात? घरच्यांची लढाई कुठल्याच रेकॉर्डमधे नाही हो. पत्रं सेन्सॉर व्हायची, ठिकाण लिहायला बंदी, त्यात लिहिता येत नसेल तर तिकडे दुसरा कोणी लिहिणार, इकडे दुसरा कोणी वाचून दाखवणार, मग नवरा-बायकोचं मनातलं एक वाक्य तरी पोचत असेल का? आत्याला हेच विचारा, पत्र कोण वाचायचं, मनीऑर्डर कोणाच्या हातात पडायची, वडील परत आले तेव्हा पोरांनी त्यांना ओळखलं का, रात्री ओरडले की आजी काय करायची. मोबाईलवर रेकॉर्ड करा, आणि मधे मधे दुरुस्त्या करू नका, सन चुकलं तरी चुकू दे.

बाबांना खोदून विचारू नका. ज्या मुलाने रोज रात्री ते ओरडणं ऐकलंय त्याला हा विषय म्हणजे इतिहास नाही, त्याचं बालपण आहे, आणि चिडण्यामागे बहुतेक ती जुनी भीतीच असेल. आत्या बोलत असताना ते आपणहून येऊन बसले तर बसू द्या.

डिस्चार्जचे कागद किंवा मेडलच्या कडेवर नंबर सापडला तर नाव, गाव, बटालियन सगळं घालून बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला पत्र टाका. उत्तराला वेळ लागू शकतो, तोवर आत्याकडे जाऊन या.