जुना फोन लेकीला द्यावा का?

तुमची लेक ८ वर्षांची. वर्गातल्या मैत्रिणींकडे फोन आहे म्हणून तिनं हट्ट धरलाय. नवरा म्हणतोय, ‘माझा जुना पडून आहे, तो देऊन टाकू.’ शाळेतून आल्यावर दोन तास ती आजीजवळ असते, तेव्हा संपर्काला काहीतरी हवंच. आणि ‘नाही’ म्हटलं तर पोरगी एकटी पडेल, ही तुमची धास्ती.

ताई, तिला स्वतःचा स्मार्टफोन आत्ता देऊ नका. फोन बघू देणं वेगळं आणि ‘हा तुझा’ म्हणून हातात देणं वेगळं. एकदा तिचा झाला की तो दप्तरात जातो, पांघरुणात जातो, आणि परत मागणं म्हणजे तिची वस्तू हिसकावणं ठरतं. संपर्काला बटणांचा साधा फोन पुरतो.

जुना फोन घरातल्या सगळ्यांचा म्हणून बाहेरच्या खोलीत ठेवा. पण आहे तसा नको, त्यात बाबांचे पासवर्ड आणि पैशांची अ‍ॅप्स असतात. फोटो दुसरीकडे घ्या, सिम काढा, फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे आतलं सगळं पुसून फोन नव्यासारखा कोरा होईल. सुरक्षा अपडेट यायचे थांबले असतील तर तो मुलांच्या हातात देऊच नका. अँड्रॉइड असेल तर लेकीच्या खऱ्या जन्मतारखेनं गूगल खातं काढून तुमच्या फोनवरच्या फॅमिली लिंकला, म्हणजे पालकांसाठीच्या गूगलच्या अ‍ॅपला जोडा. चूक बहुधा इथेच होते: घाईत वय वाढवून टाकलं की खातं मोठ्या माणसाचं धरलं जातं. मग रोजची मर्यादा आणि रात्रीचा डाउनटाइम (फोन बंद राहण्याची वेळ) लावा, नवं अ‍ॅप तुमच्या परवानगीनंच. आयफोनमध्ये हेच काम सेटिंग्जमधलं स्क्रीन टाइम करतं. त्याचा पासकोड तिला माहीत नसलेला ठेवा.

खरी कसोटी मात्र फोन परत घेताना लागते. ऑटोप्ले बंद करा. एकामागून एक व्हिडिओ आपोआप लागत राहिले तर मुलांना थांबायला जागाच सापडत नाही. ‘अर्धा तास’ म्हणण्यापेक्षा ‘दोन व्हिडिओ’ म्हणा. दुसरा सुरू होतानाच ‘हा शेवटचा’ असं सांगा आणि तो संपला की घ्या, मध्येच ओढू नका. सुरुवातीचे काही दिवस रडारड कमी होण्याऐवजी वाढेल. तेव्हा खचू नका. तिसऱ्या दिवशी आजीनं ‘घे गं बाई, पाचच मिनिटं’ म्हणत दिला, तर तीन दिवस रडलं की मिळतो, एवढंच ती शिकेल. म्हणून आजींना आधीच विश्वासात घ्या.

धाकटा ३ वर्षांचा, तोही बहिणीच्या खांद्यावरून बघतो, असं तुम्ही लिहिलंय. २ ते ४ वर्षांच्या मुलांना बसल्या जागी दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तितकं बरं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे. बहिणीबरोबर बघितलेला वेळही त्याच्या हिशेबात धरा.

मैत्रिणींशी बोलायला संध्याकाळी ठरल्या वेळी तुमचा फोन द्या, स्पीकरवर. दोघीतिघींच्या आयांशीही बोलून बघा. तुमच्यासारखीच घालमेल त्यांचीही होत असेल.

हे सगळं नवऱ्याशी आजच बोला, लेक झोपल्यावर. ‘बाबा देणार होते, आईनं अडवलं’ असं तिच्या मनात बसायला नको.