पोलंडची कम्युनिस्ट राजवट पोपने पाडली का?

प्रश्न : कोल्हापूरच्या महावीर उद्यानातील पोलिश निर्वासितांचे स्मारक पाहताना पोप जॉन पॉल दुसरे हेही पोलंडचेच, हे आठवले. हाताशी सैन्य नसलेल्या या धर्मगुरूंनी तेथील कम्युनिस्ट राजवट पाडली असे म्हणतात, ते कितपत खरे?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : राजवट त्यांनी एकट्याने पाडली नाही, मात्र लोकांच्या मनातील तिची भीती घालवण्यात त्यांचा वाटा फार मोठा होता. सोव्हिएत सत्तेने घरादारातून उचलून सायबेरियाकडे धाडलेल्या पोलिश कुटुंबांतील सुमारे पाच हजार माणसे आपल्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ पासून आश्रयाला होती. त्याच सुमारास करोल वोयतिला हा आई, भाऊ आणि वडील या तिघांनाही गमावलेला तरुण नाझींच्या ताब्यातील क्राकूवमध्ये मजुरी करीत चोरून धर्मशिक्षण घेत होता. तोच १६ ऑक्टोबर १९७८ रोजी पोप झाला. ४५५ वर्षांत प्रथमच हे पद इटलीबाहेरच्या व्यक्तीकडे गेले.

जून १९७९ मध्ये ते मायदेशी गेले, तेव्हा गर्दीचा आवाका घरी बसलेल्यांना कळू नये म्हणून सरकारी दूरचित्रवाणीने कॅमेरे बहुतांशी पोपवरच रोखले. त्याचा उपयोग झाला नाही, कारण लाखोंनी जमलेल्या लोकांना आपण किती आहोत हे मैदानातच दिसत होते. पोपनी सरकार उलथवा असे कोठेही म्हटले नाही. ते माणसाच्या प्रतिष्ठेविषयी आणि ख्रिस्ताविषयी बोलले. पुढच्याच वर्षी ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्यात संप झाला, तेव्हा संपकऱ्यांनी फाटकावर त्यांची तसबीर लावली आणि नेते लेक वालेसा यांनी करारावर सही केली तीही पोपचे चित्र असलेल्या भल्यामोठ्या पेनाने.

तरीही डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा आलाच. आपल्याला सगळे श्रेय एकाच माणसाच्या पदरात घालण्याची हौस दांडगी. परंतु डबघाईला आलेली अर्थव्यवस्था, कामगारांची चिकाटी आणि रणगाडे न पाठवण्याचे सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांचे धोरण यांवाचून १९८९ च्या निवडणुकीत संपकऱ्यांच्या ‘सॉलिडॅरिटी’ या स्वतंत्र कामगार संघटनेला सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, १०० पैकी ९९ जागा मिळाल्या नसत्या.

पोलंडच्या भेटी धरून त्यांनी शंभरावर परदेश दौरे केले, १९८६ व १९९९ मध्ये ते भारतातही आले. मात्र धर्मगुरूंकडून होणाऱ्या बालकांच्या लैंगिक शोषणाबाबत त्यांच्या कारकिर्दीत पुरेशी कठोर पावले उचलली गेली नाहीत, ही टीका २०१४ मध्ये त्यांना संत घोषित केल्यानंतरही थांबलेली नाही, आणि ती रास्तच आहे.