फ्रेंच कीबोर्ड विकत घ्यायची गरज नाही

तुमचा प्रश्न असा: लॅपटॉप विंडोजचा, नंबर पॅड नाही, फ्रेंचचा अभ्यास सुरू आहे, एग्यू-ग्राववाली (म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेली) अक्षरं दरवेळी कुठूनतरी कॉपी-पेस्ट करता आणि आता फ्रेंच कीबोर्ड मागवायचा विचार आहे. मागवू नका. लागणारी सोय विंडोजमध्ये आधीच आहे, फक्त चालू करायची.

सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन. तिथे इंग्रजीसमोरच्या तीन टिंबांतून लँग्वेज ऑप्शन्स उघडा आणि 'युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल' हा कीबोर्ड जोडा. जुना काढू नका. मराठी-इंग्रजी करताना विंडोज+स्पेस दाबत असाल, तर इथेही तेच.

आता खुणा. सिंगल कोटचं बटण दाबलं की पडद्यावर काहीच उमटत नाही. पुढे ई दाबला की एग्यूवाला (उजवीकडे चढणाऱ्या रेघेचा) ई येतो. टॅबच्या वरच्या बटणाने ग्राव (उजवीकडे उतरणारी रेघ), शिफ्ट+६ ने सिर्कोंफ्लेक्स (टोपीसारखी खूण), डबल कोटने त्रेमा (डोक्यावर दोन टिंबं). सिंगल कोटनंतर सी दाबला की सेदियवाला (खाली शेपटी असलेला) सी. म्हणजे खूण आधी, अक्षर नंतर. मराठी टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायचे, तसंच हे. इनस्क्रिप्ट या संगणकावरच्या मराठी मांडणीत वेलांटी अक्षरानंतर येते, त्यामुळे तिची सवय असलेल्यांना सुरुवातीला उलटं वाटतं.

खरी अडचण ॲपॉस्ट्रॉफीची (म्हणजे त्याच सिंगल कोटच्या बटणाची), आणि नवे लोक इथेच वैतागून सगळं काढून टाकतात. फ्रेंचमध्ये 'से' (सी, ॲपॉस्ट्रॉफी, ई, एस, टी) पदोपदी लागतं. ते सरळ टाइप केलंत तर ॲपॉस्ट्रॉफी गायब होऊन ई च्या डोक्यावर एग्यू बसतो. उपाय: ॲपॉस्ट्रॉफीनंतर एकदा स्पेस दाबा. ती स्पेस उमटत नाही, नुसती ॲपॉस्ट्रॉफी उमटते, मग पुढचा स्वर लिहा. काही दिवसांत बोटं आपोआप करतात. शिवाय उजवा ऑल्ट+ई दाबला की एग्यूवाला ई थेट मिळतो आणि उजवा ऑल्ट+स्वल्पविराम म्हणजे सेदियवाला सी. मी स्वतः एग्यूसाठी हाच रस्ता वापरतो, कारण फ्रेंचमध्ये सगळ्यात जास्त लागते ती हीच खूण.

ओ आणि ई चिकटलेलं जोडाक्षर मात्र या मांडणीत नाही. वर्डमध्ये ०१५३ (इंग्रजी आकड्यांत) लिहून लगेच ऑल्ट+एक्स दाबा, ते उमटेल.

ऑल्ट+०२३३ (एग्यूवाला ई) छाप आकडे पाठ करण्याचा सल्ला तुम्हाला खूप जण देतील. त्याला नंबर पॅड लागतो, वरच्या ओळीतले आकडे चालत नाहीत. आधीचं शून्य विसरलात तर भलतंच चिन्ह येतं. पानभर निबंध असा लिहिणं म्हणजे शिक्षा.

मोठ्या लिपीतल्या अक्षरांवर खुणा नसल्या तरी चालतात, असंही ऐकाल. फ्रेंच अकादमीचं, म्हणजे फ्रेंच भाषेच्या अधिकृत संस्थेचं, मत उलट आहे: खूण हा शुद्धलेखनाचाच भाग, मोठ्या अक्षरांवरही द्यायची. या मांडणीत त्याला वेगळे कष्ट नाहीत, खूण दाबा आणि शिफ्ट+ई.

मॅकवर ई दाबून धरला की पर्याय वर येतात, फोनवरही तसंच.

फ्रान्समधला कीबोर्ड, म्हणजे ॲझर्टी, घेतलात तर ए-क्यू आणि झेड-डब्ल्यू यांच्या जागा बदललेल्या, एम भलतीकडे, आणि साधे आकडे टाइप करायला शिफ्ट. गंमत म्हणजे त्यावर ग्राववाल्या यू ला स्वतंत्र बटण दिलंय, आणि ते अक्षर फ्रेंचमध्ये 'कुठे' या अर्थाच्या एकाच शब्दात येतं! फ्रान्समध्ये नोकरीला जाणार असाल, ऑफिसात तोच कीबोर्ड मिळणार असेल, तर जाण्याआधी महिनाभर सराव करा. माँट्रियलला जाणार असाल तर तेही नको. तिथल्या कॅनेडियन फ्रेंच मांडणीत अक्षरं आपल्या ओळखीच्या जागीच असतात आणि एग्यूवाल्या ई ला स्वतःचं बटण असतं.