पासवर्ड बरोबर असूनही ऑफिसची इंट्रानेट साइट सारखी लॉगिन का मागते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिंगणा एमआयडीसीतल्या कंपनीत नोकरी, डोमेनला (कंपनीच्या सामाईक लॉगिन-व्यवस्थेला) जोडलेला विंडोज लॅपटॉप, आणि रजेच्या अर्जाची आतली साइट उघडली की दर वेळी यूजरनेम-पासवर्डचा पॉपअप. बरोबर पासवर्ड टाकला तरी दोन-चार क्लिकनंतर पुन्हा हजर. शेजारच्या टेबलावरच्याला मात्र एकदाही विचारत नाही. आयटीवाल्यांनी दोनदा पासवर्ड रीसेट करून दिला, उपयोग शून्य.

उपयोग होणारच नव्हता. पासवर्ड चुकीचा असता तर सकाळी विंडोजमध्येच शिरता आलं नसतं. पण पासवर्ड रीसेट ही आमच्या धंद्यातली पॅरासिटामॉलची गोळी आहे. पोट दुखो की गुडघा, आधी ती देऊन पाहायची. मीही अनेक वर्षं दिली आहे. नागपूरच्या आजूबाजूच्या कारखान्यांचे सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे हा पॉपअप माझ्या चांगल्याच ओळखीचा आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या: तो पॉपअप सर्व्हर दाखवत नाही, तुमचा ब्राउझर दाखवतो. ब्राउझर पान मागतो, सर्व्हर म्हणतो "401, आधी कोण आहेस ते सांग", आणि सोबत कळवतो की विंडोजची ओळख चालेल. हा 401 प्रत्येकाला मिळतो, तुमच्या शेजाऱ्यालाही. फरक त्यानंतर पडतो. ब्राउझरला वाटलं की ही साइट घरचीच आहे, तर तो तुम्ही सकाळी विंडोजमध्ये केलेल्या लॉगिनवर गुपचूप ओळख पटवतो. साइट परकी वाटली तर तो तुम्हालाच विचारतो. म्हणजे मुद्दा पासवर्डचा नाहीच, तुमचा ब्राउझर त्या साइटला परकी का समजतो हा आहे.

त्याची घरचं-परकं ठरवायची पद्धत अगदी ढोबळ आहे. पत्त्यात टिंब आहे का, एवढंच बघतो. नुसतं 'पोर्टल' असं एका शब्दाचं नाव असेल तर इंट्रानेट. 'पोर्टल डॉट कंपनी डॉट लोकल' लिहिलं की टिंब आलं, म्हणजे बाहेरची साइट. आयपी पत्त्यात तर तीन टिंबं, मग तोही बाहेरचाच. सर्व्हर तोच, खोली तीच, केबलही तीच. शेजाऱ्याच्या बुकमार्कमध्ये छोटं नाव असणार आणि तुमच्याकडे कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेला लांब पत्ता, असं माझं पहिलं अनुमान. दोघांचे ॲड्रेस बार शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. माझ्या अनुभवात "त्याच्याकडे चालतं, माझ्याकडे नाही" या प्रकारातली निम्मी भांडणं इथंच मिटतात.

लांब पत्ताच वापरायचा असेल (आणि एचटीटीपीएस असेल तर बहुधा तोच वापरावा लागतो, कारण सर्टिफिकेट त्या नावाचं असतं) तर ब्राउझरला सांगावं लागतं की बाबा, हा घरचाच आहे. स्टार्टमध्ये 'इंटरनेट ऑप्शन्स' टाइप करा, सिक्युरिटी टॅब, लोकल इंट्रानेट, साइट्स, ॲडव्हान्स्ड, आणि तिथे पत्ता टाका. इंटरनेट एक्सप्लोरर 2022 मध्ये निवृत्त झाला तरी ही जुनी खिडकी अजून कामाला आहे. विंडोजवरचे क्रोम आणि एज हीच यादी वाचतात. पत्ता साध्या एचटीटीपीचा असेल तर खालची सर्व्हर व्हेरिफिकेशनची टिक आधी काढा, नाहीतर ती खिडकी पत्ता घेणारच नाही.

इथे एक चूक इतकी सर्रास होते की वेगळी सांगतो. बरेच जण साइट 'लोकल इंट्रानेट'ऐवजी 'ट्रस्टेड साइट्स'मध्ये घालतात. नावावरून वाटतं की ट्रस्टेड म्हणजे त्याहून भारी. पण मूळ सेटिंग असं आहे की आपोआप लॉगिन फक्त इंट्रानेट झोनमध्येच होतं. ट्रस्टेडमध्ये टाकलेली साइट विश्वासाची ठरते, तरी पासवर्ड विचारतच राहते. त्यावर वैतागून काही जण इंटरनेट झोनमध्येच 'आपोआप लॉगिन कर' अशी परवानगी देऊन टाकतात. कृपा करून हे करू नका. मग बाहेरची कुठलीही साइट विचारायचा अवकाश, तुमचा लॅपटॉप तिलाही विंडोजच्या ओळखीचा पुरावा द्यायला लागेल.

ती खिडकी करड्या रंगाची, बंद दिसली तर यादी कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे आयटीनं सगळ्या मशीनवर एकदम लावलेल्या सेटिंगमधून येते. तेव्हा आयटीला 'साइट टू झोन असाइनमेंट लिस्ट'मध्ये हा पत्ता 1 या आकड्यासह टाकायला सांगा. 1 म्हणजे इंट्रानेट, 2 म्हणजे ट्रस्टेड. फायरफॉक्स वापरत असाल तर तो या यादीकडे बघत नाही, त्याच्या अबाउट-कॉन्फिगमध्ये 'ट्रस्टेड यूआरआयज' शोधून पत्ता वेगळा भरावा लागतो.

एवढं करूनही पॉपअप आला तर मी एक उद्योग करायला सांगतो, जो कोणी करत नाही: काही न भरता कॅन्सल दाबा.

ही युक्ती मला बुटीबोरीच्या एका कारखान्यात कळली. पोळ्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळपासून फोन सुरू. स्टोअरमधले एक भाऊ तर थेट माझ्या टेबलाशी येऊन उभे: "साहेब, पासवर्ड बरोबर टाकून राहिलो ना मी, तरी तो मागूनच राहिला. काऊन मागते जी?" मी माझ्या मशीनवर साइट उघडली, लख्ख चालू. त्यांना म्हटलं, कॅप्स लॉक असेल. गेले बिचारे. अर्ध्या तासात अजून पाच जण. माझ्याकडे चालू, एचआर मॅडमकडे बंद, शिफ्ट इनचार्जकडे बंद. दोघा-तिघांचे पासवर्ड मी रीसेट केलेही, खोटं कशाला बोलू.

शेवटी स्टोअरमध्ये जाऊन भाऊंच्या मागे उभा राहिलो. त्यांनी पासवर्ड टाकला, पॉपअप परत आला. पुन्हा टाकला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा वैतागून त्यांनी कॅन्सल दाबलं, आणि पान उघडलं! रजेचा अर्ज, शिल्लक रजा, सगळं जागच्या जागी. फक्त वर मधोमध एक तुटक्या चित्राची खूण. तिथे पोळा आणि मारबतीच्या सुट्टीचा बॅनर असायला हवा होता. बैलजोडीचा.

तो बॅनर आदल्या संध्याकाळी मीच चढवला होता. सर्व्हरवर ॲडमिन म्हणून लॉगिन केलं, फाइल डेस्कटॉपवर होती, तिथून कट करून साइटच्या फोल्डरमध्ये पेस्ट केली. गोची इथेच. एनटीएफएसवर (विंडोजची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) फाइल कॉपी केली तर ती नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. पण त्याच ड्राइव्हवर कट-पेस्ट केली तर जुन्याच परवानग्या सोबत घेऊन येते. ॲडमिनच्या डेस्कटॉपवरची फाइल ॲडमिनलाच वाचता येणार. म्हणून मला बैलजोडी दिसत होती आणि बाकी अख्ख्या कारखान्याला पासवर्ड विचारला जात होता. पान उघडायला सगळ्यांना परवानगी होती, एका चित्राला नव्हती, आणि ओळख पटली नसो की परवानगी नसो, ब्राउझरला उत्तर सारखंच मिळतं: 401. फाइल उडवली, कॉपी-पेस्टनं परत टाकली, काम संपलं. भाऊंना मी खरं कारण सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे कॅप्स लॉक नव्हता तर."

तेव्हा कॅन्सल दाबल्यावर पान उघडत असेल, नुसतं एखादं चित्र किंवा रंगरूप गायब असेल, तर तुमच्या लॅपटॉपला हात लावू नका. दोष सर्व्हरवरच्या एका फाइलचा किंवा फोल्डरचा आहे. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, अशा ओळीवर 401 च्या पुढे 3 असतो. नुसते 401 मात्र लॉगमध्ये भरपूर दिसतील, एकामागोमाग दोन 401 आणि मग 200 (म्हणजे पान मिळालं), ही एनटीएलएमची, म्हणजे विंडोजच्या ओळख पटवायच्या जुन्या पद्धतीची, नेहमीची चाल आहे. नवीन पोरं ते पाहून घाबरतात.

दुसरी शक्यता, कॅन्सल केल्यावर अख्खं पानच नाकारलं जातं आणि हे सगळ्यांनाच होतं, तेही सर्व्हर बदलल्यापासून. हे दुखणं सहसा कर्बेरॉसचं असतं. विंडोज 2000 पासून डोमेनमध्ये ओळख पटवायची ही मुख्य पद्धत. तुमच्या लॅपटॉपला डोमेन कंट्रोलरकडून (डोमेनची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरकडून) त्या साइटच्या नावाचं एक तिकीट मिळतं, बंद लिफाफ्यात. लिफाफा उघडायची किल्ली एकाच खात्याकडे असते. हे नाव कुठल्या खात्याचं, याची नोंद म्हणजे एसपीएन. कोणी साइटचा ॲप्लिकेशन पूल (सर्व्हरवर साइट चालवणारा प्रोग्राम) नव्या सर्व्हिस अकाउंटवर, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामसाठी काढलेल्या खात्यावर, चालू केला आणि नोंद जुन्या खात्यावरच राहिली, की लिफाफा पोहोचतो पण उघडत नाही. मग तुम्ही पासवर्ड कितीही अचूक टाका, तीनदा विचारून तो तोंडावर दार आपटतो.

हे ओळखायची माझी आवडती खूण: साइट नावाऐवजी आयपी पत्त्यानं उघडून पाहा. आयपीवर कर्बेरॉस एरवी चालत नाही, ब्राउझर जुन्या एनटीएलएमवर उतरतो. आयपीनं एकदा विचारून सुरळीत उघडली आणि नावानं तीनदा विचारून नाकारली, तर एसपीएनवर बोट ठेवा. आयटीवाल्यांनी सेटएसपीएन कमांड एक्स स्विचसह चालवली तर एकाच नावाच्या दुहेरी नोंदीही दिसतात. दुहेरी नोंद असली तरी हेच रडगाणं. दुरुस्तीनंतर लॅपटॉपवरची जुनी तिकिटं 'केलिस्ट पर्ज' करून उडवा किंवा लॉग ऑफ करून परत या, नाहीतर तिकिटं मुळात दहा तास टिकतात आणि तुम्ही म्हणाल अजून बरं झालंच नाही. आयपीनं चालतं म्हणून कायमचं आयपीच वापरू असंही करू नका. एनटीएलएम जुनं झालंय आणि मायक्रोसॉफ्टनं 2024 मध्ये ते बाद होणाऱ्यांच्या यादीत टाकलंय.

आणि ही तपासणी सर्व्हरवर बसून करू नका. त्याच मशीनवरून त्याच मशीनची साइट पूर्ण नावानं उघडली की विंडोज मुद्दाम अडवतं, सर्व्हर 2003 च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून तशी सोय आहे. तिथला पॉपअप पाहून एक मित्र दोन दिवस नसलेला आजार शोधत होता.

बाकी किरकोळ कारणं भरभर सांगतो. कधीतरी पॉपअपमध्ये 'लक्षात ठेव' दाबलं असेल तर जुना पासवर्ड कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये बसून असतो आणि विंडोज तोच पुढे करत राहतं. विंडोज क्रेडेन्शियल्समध्ये त्या सर्व्हरची नोंद काढून टाका. पासवर्ड बदलल्यानंतरच त्रास सुरू झाला असेल तर सगळ्यात आधी हेच बघा, कारण याच जुन्या पासवर्डपायी पुढे खातंही लॉक होतं. लॅपटॉपचं घड्याळ डोमेनपेक्षा पाच मिनिटांहून जास्त मागे-पुढे असेल तरी कर्बेरॉस रुसतो. जुन्या डेस्कटॉपमधली घड्याळाची छोटी बॅटरी मेली की तिथेही हे होतं. पॉपअपमध्ये नाव भरताना आधी डोमेनचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग यूजरनेम असं भरा. नुसतं यूजरनेम कधी कधी भलत्याच डोमेनमध्ये शोधलं जातं.

तुमच्या बाबतीत शेजाऱ्याकडे चालतं हे बघता मी या क्रमानं जाईन: पत्त्यातलं टिंब, क्रेडेन्शियल मॅनेजर, मग कॅन्सल. शेजारी स्वतः आयटीतला किंवा ॲडमिन हक्कवाला असेल तर मात्र कॅन्सल सगळ्यात आधी, माझ्या बैलजोडीची आठवण ठेवून.

तरीही सुटलं नाही तर आयटीला "साइट चालत नाही" असा मेल पाठवू नका. ॲड्रेस बारमधला पूर्ण पत्ता, कॅन्सल केल्यावर काय दिसलं आणि पॉपअप आला ती नेमकी वेळ, एवढं लिहा. आणि त्यांना आठवण करून द्या की आयआयएसचा (साइट चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरचा) लॉग मुळात यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या वेळेत, लिहिला जातो. तुमची सकाळी अकराची तक्रार त्यांना तिथे साडेपाचला सापडेल.