द्राक्षबागेत नोड लावतोयस ना? आधी त्यांना झोपवायला शिक

दिंडोरीच्या बागेत १२ नोड (ओलावा-तापमान मोजून रेडिओने कळवणारी बॅटरीवरची छोटी यंत्रं) लावायचेत म्हणालास, छान. पण दर मिनिटाला रीडिंग पाठवायचं खूळ डोक्यातून काढ. मातीचा ओलावा मिनिटामिनिटाला बदलत नाही, अर्ध्या तासाने एकदा पुरे. बॅटरी खातो तो रेडिओ. नोडमधली ईएसपी३२ चिप वायफायवर पाठवताना शेकडो मिलिअँपिअर ओढते, गाढ झोपेत काही मायक्रोअँपिअर. फक्त बोर्डावरचा तो पिटुकला लाल एलईडी उपटून टाक. माझे पहिले नोड त्यानेच आडवे केले: चिप झोपलेली, दिवा रात्रंदिवस जागा!

वायफायऐवजी लोरा, म्हणजे कमी बॅटरीत लांब पोचणारा रेडिओ, घेणार असशील (आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ) तर सगळ्यांना एसएफ १२ (स्प्रेडिंग फॅक्टर १२, सगळ्यात लांब पोचणारी पण सगळ्यात सावकाश सेटिंग) देऊ नकोस. स्प्रेडिंग फॅक्टर एक पायरी चढला की संदेश हवेत जवळपास दुप्पट वेळ राहतो, म्हणजे बॅटरीही जाते आणि उशीरही होतो. त्यापेक्षा गेटवे (सगळ्या नोडचे संदेश झेलणारा डबा) पाण्याच्या टाकीवर चढव. रेंज मात्र ऑक्टोबर छाटणीनंतर कॅनॉपी (पानांचं छत) दाटल्यावर पुन्हा तपास. उघड्या वेलींत मिळालेला सिग्नल ओल्या पानांत मिळत नाही.

आता उशिराचं. निफाडकडे पहाटे पारा घसरतो तेव्हा अर्ध्या तासाची वाट कोण बघणार? सेन्सर पाच मिनिटांनी वाचू दे, तापमान ठरलेल्या मर्यादेखाली गेलं तरच लगेच पाठव. संदेश नोडवरून नोडवर उड्या मारत नेऊ नकोस, मधला झोपलेला असला की तिथेच अडकतो. आणि प्रत्येकाच्या वेळेत दोन-चार सेकंदांचा फरक ठेव, नाहीतर बाराही एकदम बोलतात आणि कुणाचंच ऐकू येत नाही.