क्लचचं काम झाल्यावर स्टीअरिंग बिघडलं, तर रॅक बदलायचा का?

तुम्ही लिहिलंय की डिझेल स्विफ्टचा गिअरबॉक्स उतरवून क्लच बदलला, आणि गाडी ताब्यात आल्यापासून स्टीअरिंग जड लागतंय, वळण संपल्यावर आपोआप परत येत नाही, आणि सरळ रस्त्यावर गाडी डावीकडं वडती. दोनदा अलाइनमेंट झालं. स्टीअरिंग आता सरळ दिसतं, पण गाडी तशीच. मिस्त्री म्हणतोय रॅक, म्हणजे स्टीअरिंगनं सरकून पुढची चाकं वळवणारी दातेरी पट्टी, बदला.

थांबा, रॅक बदलू नका. कामाच्या आधी स्टीअरिंग मऊ होतं ना? मग क्लच प्लेट बदलताना रॅक आतून खराब व्हायचं कारण नाही. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज चालवतो, आणि अशी गाडी आली की मी स्टीअरिंगला हात लावायच्या आधी एकच विचारतो, या कामात कुठले कुठले बोल्ट सुटले होते? दोष त्या यादीबाहेर क्वचितच सापडतो.

तुमच्या गाडीत गिअरबॉक्स खाली घ्यायचा तर क्रॉसमेंबर, म्हणजे इंजिनाखालची आडवी चौकट, सोडावा लागतो. रॅक त्याच्यावरच बसलेला, चाकाला खालून धरणारा लोअर आर्मही त्यालाच. म्हणजे स्टीअरिंग कॉलममधून खाली येणारा जॉइंट रॅकपासून सुटला. आक्सल काढताना बॉल जॉइंट (लोअर आर्म चाकाला जोडणारा गोळा) किंवा शॉकअपचे खालचे बोल्ट सुटले. बॅटरी निघाली, गिअरबॉक्सवरची अर्थिंगची पट्टी निघाली. तुमच्या तिन्ही तक्रारी याच्यात बसतात.

पहिल्यांदा जिवाचं बघा. खाली शिरून स्टीअरिंगच्या जॉइंटचा बोल्ट, बॉल जॉइंटचे बोल्ट आणि टाय रॉड (रॅकपासून चाकापर्यंत जाणारे दांडे) एंडचे नट मिस्त्रीसमोर पान्यानं तपासून घ्या. तोवर गगनबावड्याचा घाट नको आणि हायवेही नको.

मग जड का लागतं ते. तुमच्या गाडीत तेलाचा पंप नाही, कॉलमवर विजेची मोटर आहे, आणि गाडी उभी असताना स्टीअरिंग फिरवलं की ती भरपूर करंट खाते. अर्थिंगची पट्टी रंगावर किंवा गंजावर आवळली असेल तर मोटर अर्धवट मदत करते. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा 0.5 व्होल्टच्या वर गेला तर पट्टी काढून घासा. फुकटचं काम आहे, म्हणून आधी हेच.

त्यानं फरक नाही पडला तर पुढची दोन चाकं जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. चाकं हवेत असूनही एका फेरीत दोनदा जड आणि दोनदा हलकं लागलं, तर जॉइंट तिरका बसलाय किंवा अडकतोय. स्टीअरिंग परत न यायचं तेही एक कारण.

आता खरी मेख. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे होतात ते मोजा आणि बरोबर निम्म्यावर थांबा. रॅक आता मध्यावर आहे. इथं स्टीअरिंग वाकडं दिसलं तर जॉइंट आतल्या खाचांचा एखादा दाता चुकवून बसवलाय. एका दात्यानं स्टीअरिंग साधारण दहा अंशांनी फिरतं. मला वाटतं तुमच्याकडं हेच झालं, आणि अलाइनमेंटवाल्यानं दोन्ही टाय रॉड कमीजास्त करून ते झाकलं. त्याला दोष देत नाही, गिऱ्हाईक म्हणतं स्टीअरिंग सरळ करून द्या, तो सरळ करून देतो. पण मग गाडी एका बाजूला जास्त वळते, दुसऱ्या बाजूला कमी. मोकळ्या मैदानात डावीकडून आणि उजवीकडून यू टर्न मारून बघा, लगेच कळतं.

या जॉइंटपायी मी स्वतः तोंडघशी पडलोय. जॉइंट सुटलेला असताना आमच्या पोरानं गंमत म्हणून स्टीअरिंग गरागरा फिरवलं. आम्ही तसंच जोडलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक हजर, हॉर्न बंद आणि एअरबॅगचा दिवा लागलेला. स्टीअरिंगच्या आत क्लॉक स्प्रिंग नावाची गुंडाळलेली पट्टी असते, ती मध्यापासून दोन्हीकडं ठराविक फेरेच सोसते. ती तुटली होती. पैसे माझ्या खिशातनं गेले. तेव्हापासून जॉइंट सोडायच्या आधी चाकं सरळ, स्टीअरिंग पट्ट्यानं बांधलेलं आणि जॉइंटवर खडूची खूण. तुमचा हॉर्न वाजतोय ना ते बघा.

राहिलं डावीकडं वडणं. आपले रस्ते पाणी वाहून जायला कडेला उतरते असतात, त्यामुळं थोडी डावीकडं जाणारच. सांगली रस्त्यावर पहाटे, उसाच्या ट्रॉल्या नसताना, रस्त्याच्या मधोमध चालवून बघा. तिथंही वडत असेल तर पुढचे दोन टायर आपसांत बदला. वडणं बाजू बदलून उजवीकडं आलं, तर दोष टायरचा.

नाहीतर अलाइनमेंटचा कागद काढा आणि टो (वरून बघताना चाकांची तोंडं किती आत-बाहेर) सोडून कॅम्बर (समोरून बघताना चाक किती झुकलंय) वाचा. एका चाकाचा वरचा भाग आत झुकलाय आणि दुसऱ्याचा तेवढाच बाहेर, असं दिसलं तर क्रॉसमेंबर एका बाजूला सरकून आवळलाय. एकाच चाकाचं बिघडलं असेल तर शॉकअपचे खालचे बोल्ट, कारण त्या भोकांत थोडी ढिलाई असते. लोअर आर्मचे बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असतानाच घट्ट केले होते का, हेही विचारा. ते चाकं जमिनीवर टेकून, गाडीचं वजन पडल्यावर आवळायचे असतात. नाहीतर बुश पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो.

क्रम असा ठेवा: क्रॉसमेंबर जागेवर, मग जॉइंटचा दाता, आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. कागदावरचे दोन्ही बाजूंचे कॅम्बरचे आकडे इथं टाका, बघून सांगतो.